असंच राहू द्या

शुक्रवारपर्यंत माझा कॉम्प्युटर ठणठणीत होता. फक्त लेकीचं थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडलं की एक पिवळी पाटी यायची: ग्राफिक्स ड्रायव्हर (म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या कार्डाला चालवणारा प्रोग्राम) जुना आहे, अपडेट करा. पाटीच्या कोपऱ्यात फुली होती. ती मी दाबली नाही, एवढाच माझा गुन्हा.

व्हिडिओतल्या एका पोराने छातीठोकपणे सांगितलं, जुना ड्रायव्हर आधी मुळासकट काढा. काढला. सातशे एमबीचा नवा उतरवला. तो दारातूनच म्हणाला, तुमचं ग्राफिक्स कार्ड मला चालत नाही. जुना गेलेला, नवा येईना. स्क्रीन फुगून 1024 बाय 768 झाला, आयकॉन खाकऱ्याएवढे, अक्षरं एसटी स्टँडच्या फलकासारखी. आणि सॉफ्टवेअर म्हणतंय, ओपनजीएल 3.3 हवं, इथे 1.1 आहे.

ओपनजीएल ही वेगळी उतरवून घ्यायची वस्तू नाही, हे कळेपर्यंत माझा एक तास आणि डाउनलोडची तीन संशयास्पद हिरवी बटणं खर्ची पडली. तो कागदावरचा करार आहे: सॉफ्टवेअरने चित्र कसं मागायचं आणि कार्डाने काय काढून द्यायचं. 1992 साली सिलिकॉन ग्राफिक्सने तो आणला, आता क्रोनोस नावाची संस्था सांभाळते. करार पाळून दाखवतो तो ड्रायव्हर. तोच नसेल तर मशीन घरातलं शिळंपाकं वाढतं. 1.1 म्हणजे 1997 सालचं. त्या साली मी कॉम्प्युटर क्लासला चपला बाहेर काढून जायचो. आत्ताही काढल्या असत्या, पण मी घरात अनवाणीच होतो.

एवढ्यात बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे काका, गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन. पावती राहिली बाजूला, त्यांची नजर स्क्रीनवर खिळली. त्यांनी चष्मा काढला.

"रि-सा-य-कल... बिन! अहो, चष्म्याशिवाय वाचलं!"

"काका, बिघडलंय ते."

"बिघडलंय? दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, तरी इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं मला." त्यांनी खिशातून फोन काढला. "अगं, खाली ये. ह्यांनी अक्षरं मोठी केलीत."

काकू कणकेच्या हातांनीच आल्या. बराच वेळ निरखून म्हणाल्या, "कडा जरा धुरकट वाटतायत."

"तूही मोतीबिंदू काढून घे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "असंच राहू द्या. हात लावू नका."

मी समजावायला गेलो की यात व्हिडिओ अडखळतो, खिडकी सरकवली तर मागे शेपूट उमटतं. त्यांनी लगेच माऊस घेऊन खिडकी सरकवून पाहिली. शेपूटही आवडलं. पाच वेळा काढलं.

हसू आलं, पण राग आहेच. कार्डाचा पंखा फिरतो, कार्ड वीज खातं, चित्र काढतं. त्याला काही झालेलं नाही. फक्त कंपनीच्या यादीतून त्याचं नाव उडालंय. आमच्याकडे आजीचा पितळी बंब अजून पाणी तापवतो, त्याला कुणी 'सपोर्ट संपला' म्हणून कळवलेलं नाही. नव्या ड्रायव्हरबरोबर येणारं एका कंपनीचं ॲप तर मध्यंतरी काही वर्षं आधी ईमेल मागायचं, मग लॉगिन. माझ्या टेबलावरच्या, माझ्या पैशाच्या कार्डाचं ॲप उघडायला मी कुणाला ओळखपत्र दाखवायचं? लेक म्हणायची, बाबा, सगळे देतात. सगळे देतात म्हणून तर मागतात!

रात्री पावणेबाराला कंपनीच्या साइटच्या तळघरात जुन्या कार्डांचे ड्रायव्हर सापडले. यादीतल्या शेवटच्या ड्रायव्हरचा आकडा ओळखीचा वाटला. सकाळी मी मुळासकट काढला होता तोच. परत बसवला. दोनदा स्क्रीन काळा झाला, मी दोनदा देव आठवला, आणि अक्षरं पुन्हा मुंगीएवढी झाली. सॉफ्टवेअर उघडलं. पिवळी पाटी आली. मी फुली दाबली. सगळं नीट चाललं, शुक्रवारी चाललं असतं तसंच.

रविवारी सकाळी साडेआठला पुन्हा बेल. दारात काका, काखेत चादरीत गुंडाळलेला सीपीयू.

"तेवढं ते एक पॉइंट एक टाकून द्या आमच्यात. आणि हो, तुमची पावती पाचशे एकची फाडलीय. चष्मा तुमच्याच टेबलावर राहिला होता, आकडा नीट दिसला नाही."