मीटरवर ६२ आलं, म्हणून पाण्यात केमिकल नाही?

चिपळूण-खेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरला किती मिलीग्रॅम ते सांगतं म्हणून विकलं जाणारं) आणा, आकडा ५०० च्या खाली आला तर नळाच्या पाण्यात कारखान्याचं केमिकल नाही. तरी शंका असेल तर उकळून प्या. घरात आरओ असेल तर प्रश्नच मिटला. आणि नगरपरिषदेचा रिपोर्ट ‘पिण्यास योग्य’ असेल तर बाकी सगळी अफवा.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका एवढ्यावर थांबले नाहीत. मीटर आणून प्रत्येक मजल्यावरचे आकडे त्यांनी ग्रुपवर टाकले. ६२, ५८, ६४. खाली अंगठ्यांची रांग.

मी ते मीटर त्यांच्याकडून मागून आणलं. ओट्यावर पाण्याचे दोन ग्लास ठेवले. एकात चिमूटभर मीठ ढवळलं, आकडा सरळ हजाराच्या पुढे. दुसऱ्यात दोन चमचे साखर ढवळली. म्हणजे लिटरच्या हिशेबाने चाळीस हजार मिलीग्रॅमच्या आसपास. मीटर साठीतच घुटमळत राहिलं. तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

कारण हे मीटर पाण्यात काय विरघळलंय ते मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं, त्याला एका ठरावीक गुणकाने गुणतं आणि येईल तो आकडा दाखवतं. क्षारांमुळे वीज वाहते, म्हणून मीठ सापडतं. साखरेमुळे वाहत नाही. बेंझीन, ट्रायक्लोरोएथिलीन यांसारख्या सॉल्व्हंटमुळेही, म्हणजे कारखान्यात पदार्थ विरघळवायला वापरतात त्या द्रवांमुळेही, नाही. रसायनाच्या कारखान्याच्या आसपास ज्यांची धास्ती घ्यायची त्यातली बरीच मंडळी या साखरेच्या जातीची.

‘पण शिसं, पारा तर वीज वाहून नेतात ना?’ असं काकांनी विचारलंच. विरघळलेल्या रूपात नेतात, पण प्रमाण बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे आणि पाऱ्याची ०.००१. मीटरचा काटा हलायलाच १ मिलीग्रॅम लागतो. शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी ६२ चे ६२ च दिसणार. पीएफएएस या न विघटणाऱ्या रसायनांचं तर विचारूच नका. त्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोघांसाठी अमेरिकेने २०२४ मध्ये प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. मीटरची एक पायरी त्याच्या अडीच लाख पट मोठी. सोनं तोलायला भंगारवाल्याचा काटा नेल्यासारखं आहे हे.

मग ५०० आलं कुठून? त्याच मानकातून. पण तिथे तो लांबलचक यादीतला एक आकडा आहे, चव आणि क्षारांपुरता. दुसरा चांगला स्रोत नसेल तर तेच मानक २००० पर्यंत चालवून घेतं. उलट बाजूही आहेच: एखाद्या बोअरचं पाणी ७०० दाखवेल आणि त्यात निव्वळ कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल. डाळ शिजायला वेळ लागेल, एवढंच.

जाता जाता, आरओ विकायला येणाऱ्यांचा तो दोन सळ्यांचा खेळ. नळाच्या पाण्यात सळ्या बुडवून वीज सोडली की पाणी तपकिरी गाळाने भरतं आणि वहिनी घाबरतात. तो गाळ लोखंडी सळीचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल.

उकळण्याबद्दल फार लिहायला नको. जंतू मरतात. शिसं, नायट्रेट, पीएफएएस मरणारे नव्हेतच. पाणी आटतं, ते मागे उरतात आणि थोडे दाटच होतात.

आरओचा दावा मात्र अर्धा खरा आहे. चांगल्या स्थितीतला आरओ धातू आणि पीएफएएस बऱ्यापैकी अडवतो. लहान रेणूंची काही सॉल्व्हंट मेम्ब्रेनमधून निसटतात, त्यांची भिस्त कार्बन फिल्टरवर. तो शेवटचा कधी बदलला, आठवतंय? शिवाय ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांनी काय करायचं, याबद्दल मेसेज गप्प आहे.

आता रिपोर्ट. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. एकदा शांतपणे वाचा मात्र. नेहमीच्या तपासणीत पीएच, गढूळपणा, टीडीएस, काठिन्य, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, कोलिफॉर्म जंतू अशा ओळी असतात. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीनच्या चाचणीला, पिवळा रंग आला का बघतो, तेही याच रांगेतलं. हे सगळं लागतंच. गॅस्ट्रो आणि कावीळ त्यानेच रोखली जाते. पण ज्या पदार्थाची ओळच रिपोर्टात नाही त्याबद्दल ‘योग्य’ हा शब्द काहीच सांगत नाही. २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये पीएफएएसची ओळ नाही.

इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो इथे मितेनी नावाचा कारखाना १९६० च्या दशकापासून चालू होता. भूजलात पीएफएएस असल्याचं उघड झालं २०१३ मध्ये, मुद्दाम शोधल्यावर. तोवर लाखो लोक ते पाणी पीत होते. वास नाही, रंग नाही. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोर झाली आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन आणली गेली ती आपल्या खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. म्हणून इथलं पाणी बिघडलंय असा अर्थ कुणी काढू नये. लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं, चिपळूणच्या नळाकडे नव्हे. पण ‘काही नाही’ म्हणायलाही आधी मोजावं लागतं, ते टीडीएस मीटरने होत नाही.

काकांनी काल विचारलं, लॅबला नमुना द्यायचा तर थम्सअपची धुतलेली बाटली चालेल का. नाही चालत. सॉल्व्हंटसाठी तपकिरी काचेची बाटली, वर हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरलेली. धातूंसाठी वेगळी, नायट्रिक आम्ल घातलेली. पीएफएएससाठी तिसरी, जिच्या झाकणालाही टेफ्लॉन नको. बाटल्या लॅबच देते. मात्र ‘सगळं तपासा’ म्हणून भागत नाही, नावं सांगावी लागतात. ती शोधायला पाण्याच्या स्रोताच्या वरच्या अंगाला कोणते कारखाने आहेत ते बघायचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांत त्यांच्या उत्पादनांची यादी वाचायची. काका रविवारी संमतीपत्रं घेऊन बसणार आहेत. मीटर अजून माझ्याकडेच आहे.