सही खरी, डबी खोटी

गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या फटीत हात घालून उभ्या असलेल्या माणसाबद्दल गोव्यातल्या आमच्या बार्देशात कोणाचं मत चांगलं होत नाही. एक तर तो गुप्तधन शोधतोय, नाही तर बायकोपासून बाटली लपवतोय. "कितें सोदतात, बाब?" असं सायकलवरच्या पाववाल्या पोदेराने विचारलं, की मी "किल्ली पडली" म्हणून मोकळा होतो. उपग्रहांच्या मदतीने एक डबी शोधतोय, तिच्यातल्या कागदावर सही करणार आणि डबी परत होती तिथेच ठेवून घरी जाणार, हे त्याला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे पाव टाकणं बंद केलं असतं.

या उद्योगाला जिओकॅशिंग म्हणतात. 2000 सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यात रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करून टाकले. बादलीत इतर सटरफटर वस्तूंबरोबर बीन्सचा एक टिन होता. तो टिन पुढे या खेळातल्या लोकांनी भक्तिभावाने जपला. कोणी तरी वेळीच खाऊन टाकला असता तर बरं झालं असतं.

नियम साधा आहे. डबी शोधा, कागदावर सही करा, मग ॲपवर "सापडली" अशी नोंद करा. नकाशावर तिथे पिवळा हसरा चेहरा उमटतो. नाहीच सापडली तर निळा रडका. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही. मात्र कागदावर तुमची सही नसेल, तर डबी लपवणारा मालक तुमची नोंद पुसू शकतो. पूर्वी तर मालक सहीच्या वर आणखी अटी घालायचे: अमुक टोपी घालून फोटो पाठवा, कविता करून पाठवा. 2009 साली ते बंद झालं. गोव्यापुरती कवितेची अट ठेवायला हरकत नव्हती. एक मागितली असती तर लोकांनी चार पाठवल्या असत्या.

माझी नोंद पुसली गेली ती जुलैत. मालक म्हणजे फोंड्याचे एक निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांचा निरोप आला: "कागद तपासला. आपली सही आढळली नाही. नोंद रद्द." मी म्हटलं, पावसात कागदाचा लगदा झाला असेल. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भिंती टिकत नाहीत तिथे बॉलपेनची काय कथा! पण मी पक्का माणूस. सहीचा आणि डबीचा फोटो काढून ठेवला होता, तो पाठवला.

मास्तरांचं उत्तर: "कागद माझा नाही. डबीही माझी नाही."

या प्रकाराला थ्रोडाउन म्हणतात. एखाद्या शहाण्याला खरी डबी सापडत नाही. मग ती हरवलीच आहे असं तो स्वतःच ठरवतो, खिशातली दुसरी डबी तिथे कोंबतो, तिच्यावर स्वतःच सही करतो आणि हसरा चेहरा घेऊन घरी जातो. मागून येणाऱ्याला ती खोटी डबी आधी सापडते. तसं पाहिलं तर झाडाखाली जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतंच, आणि तेवढ्या गडग्यात चिरे किती असतात ते मोजून पाहा. मी मास्तरांना लिहिलं, "अक्षांश-रेखांश तुमचे, गडगा तुमचा, हुमले मुंगळे तुमचे, चावे आणि सही तेवढी माझी." मास्तरांनी लिहिलं, "रीत बरोबर, उत्तर चूक. गुण शून्य."

एका नोंदीने एवढं काय बिघडतं, असं कोणालाही वाटेल. बिघडतं ते असं. माझी शंभरावी नोंद मी 1612 सालच्या आग्वाद किल्ल्यासाठी राखून ठेवली होती. तिथे पेढे वाटून फोटोही काढले होते. मधली एक नोंद गळाली आणि आग्वाद एकदम नव्याण्णवावर घसरला. शतकाच्या जागी आली म्हापशातल्या एका बसथांब्यामागची, शेंगदाण्याएवढी डबी. बॅट उंचावून, हेल्मेट काढून, आभाळाकडे बघून झाल्यावर पंचांनी मागची एक धाव शॉर्ट द्यावी, तसं झालं.

ही कैफियत मी बायकोला सविस्तर ऐकवली, पुराव्याच्या फोटोसकट. तिने सहानुभूती दाखवली नाही. चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"झाकणावर लाल ठिपका दिसतोय का हो?"

"दिसतोय. पण मुद्दा सहीचा आहे."

"ठिपका नेलपॉलिशचा आहे. सोड्याच्या डबीशी घोळ होऊ नये म्हणून मी लावला होता. ही माझी हिंगाची डबी. मे महिन्यापासून शोधतेय मी."

मे महिन्यात तिचा धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. त्याला या खेळाचं वेड मीच लावलेलं. फोटोत माझ्या सहीच्या वर कोणाची सही आहे ते आम्ही दोघांनी एकदमच वाचलं. ॲपवर त्याची नोंदही होती: "अप्रतिम जागा! सहज सापडली!" तिच्या शेजारी हसरा चेहरा शाबूत. मी मास्तरांना ताबडतोब कळवायला निघालो, तर बायको म्हणाली, "माझ्या भावाचं नाव कुठेही घालायचं नाही. आणि डबी आजच्या आज परत आणायची."

त्या रविवारी भर पावसात गडग्यापाशी आम्ही दोघं आणि छत्री घेतलेले मास्तर असे तिघं उभे होतो. मास्तरांनी दोन चिरे खालच्या फटीतून कॅमेऱ्याच्या रिळाची डबी काढली. आतला कागद कोरडा ठणठणीत! मी सही केली. "आजची तारीख घाला," मास्तर म्हणाले. म्हणजे आग्वाद नव्याण्णवावरच राहिला. मी भावाचं नाव घेतलं नाही. मास्तरांनी मात्र माझाच फोटो नीट वाचला असावा, कारण दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला.

"भावोजी, माझी नोंद उडवली हो! मूळ डबी नव्हतीच तिथे, मी उलट उपकार केले. तुम्ही साक्ष द्या ना. माझ्या सहीखालीच तुमची सही आहे. तो कागद आहे ना तुमच्याकडे?"

कागद बायकोने डबी घासताना फेकून दिला होता. डबीत आता हिंग आहे.