कॅल्शियम बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माझ्या मावशीने व्हॉट्सॲपवरचा एक संदेश वाचून कॅल्शियमच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. संदेश म्हणतो की कॅल्शियम चॅनेलमधून, म्हणजे पेशीच्या आवरणातील कॅल्शियमच्या दारांमधून, आत शिरणारे कॅल्शियम हेच कर्करोगाच्या पेशींचे अन्न आहे, तेव्हा दूध आणि गोळ्या सोडा. हे चॅनेल बंद करणारी रक्तदाबाची ॲम्लोडिपिन घ्या, गाठ विरघळेल. औषध कंपन्या हे दडवतात, असेही त्यात ठासून सांगितले आहे.

सर्वांत घातक आहे तो पहिला सल्ला. मावशीला हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन दिले जाते. शरीरातले सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत असते आणि रक्तातले कमी पडू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक ते हाडांतून काढून भरपाई करते. हे इंजेक्शन नेमकी तीच झीज रोखते, म्हणून सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावे लागते. या गोळ्या थांबवल्या तर ओठांभोवती मुंग्या येऊ शकतात, हातापायांत पेटके येऊ शकतात आणि कमतरता तीव्र झाली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एवढे सोसून गाठीचे काय बिघडते? काहीच नाही. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. आहारातले थोडे कमी केल्याने हा फरक पुसला जात नाही, आणि चॅनेल कधी उघडायचे हे दुधाच्या पेल्यावर ठरत नाही.

यात अर्धसत्य आहे, तेही मान्य करायला हवे. काही गाठींमध्ये ओराय-1, टीआरपीव्ही-6 किंवा टी-प्रकारचे चॅनेल प्रमाणाबाहेर आढळतात आणि पेशींच्या विभाजनाला व पसरण्याला हातभार लावतात. मात्र तिथे कॅल्शियम अन्न नसून संकेत असतो, आणि हाच संकेत अति झाला तर पेशी मरते. काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढते हेही खरे, पण ती वाढ कर्करोगामुळे होते. अशा वेळी गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टर रक्ततपासणी पाहून ठरवतात.

ॲम्लोडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्यांमधले एल-प्रकारचे चॅनेल रोखते, वर सांगितलेले नव्हे. 2021 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त 33 चाचण्यांतील सुमारे 2 लाख 60 हजार व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. तो अभ्यास उपचाराचा नव्हता, कर्करोग होण्याच्या जोखमीचा होता. तरीही ॲम्लोडिपिनच्या वर्गातील औषधे घेणाऱ्यांत आणि औषधाविना गोळी घेणाऱ्यांत त्या जोखमीचा फरक दिसला नाही. गाठ विरघळण्याचा दावा कशाच्या आधारावर केला, हे संदेशात कुठेही नाही. रक्तदाब आधीच कमी असलेल्या रुग्णाने ही गोळी मनाने घेतली तर चक्कर येऊन पडण्याचा धोका मात्र खरा आहे.

राहिला दडवण्याचा आरोप. टी-प्रकारचे चॅनेल रोखणारे मिबेफ्राडिल हे रक्तदाबाचे औषध इतर औषधांशी होणाऱ्या घातक आंतरक्रियांमुळे 1998 मध्ये बाजारातून काढले गेले. तेच पुढे मेंदूच्या गाठींसाठी टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधासोबत प्राथमिक चाचणीत उघडपणे वापरले गेले आणि निष्कर्ष छापूनही आले.