डाफ्ट पंक आणि आमचे नानाकाका

आमच्या नानाकाकांनी डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीचा एकच अल्बम ऐकलाय. तोही तुकड्यातुकड्यांत, माझ्या मोबाइलवर, एका कानात इयरफोन घालून. दुसरा कान टीव्हीवरच्या मॅचकडे. तरी या जोडीबद्दल माझं जे काही मत आहे ते काकांशी भांडूनच तयार झालंय, म्हणून आधी काका.

नानाकाका रिदमवाले. ढोलक, बाँगो, काँगो, वेळ पडली तर खंजिरी नि घुंगरूसुद्धा. सत्तरच्या दशकात परळहून डबा घेऊन निघायचे, ताडदेवच्या नाहीतर वांद्र्याच्या स्टुडिओत नऊच्या शिफ्टला हजर. एका गाण्याला नुसत्या रिदममध्ये दहा-बारा माणसं. एकाचा हात चुकला की सगळ्यांचा टेक परत. कॅसेटवर यातल्या कुणाचंच नाव नसायचं, पण महिन्याला घर चालायचं. मग ठेका वाजवणारी मशीन आली. काका सांगतात, आधी एकजण ते खोकं घेऊन कोपऱ्यात बसला तेव्हा आम्ही हसलो. दोन वर्षांनी तो मधोमध बसला होता आणि आम्ही बाहेर चहा पीत होतो. नव्वदच्या दशकात फोन वाजणं कमी कमी होत गेलं. काका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायला लागले आणि काँगोची जोडी माळ्यावर गेली. आजही तिथेच आहे, वर गणपतीच्या मखराचा थर्माकोल.

अशा घरात मी मशीनच्या संगीताच्या नादाला लागलो.

२००१ साल. डाफ्ट पंकचं 'वन मोअर टाइम' टीव्हीवर सारखं लागायचं, निळ्या चेहऱ्यांचं ते जपानी कार्टून. मग फाउंटनच्या फुटपाथवरून एक एमपीथ्री सीडी आणली, दीडशे गाणी, निम्म्यांची नावं चुकीची. त्यात त्यांचा पहिला अल्बम 'होमवर्क' पूर्ण होता. पहिल्या रात्री मला तो अजिबात आवडला नाही हे कबूल करतो. आठवड्याभराने दुसरं काही ऐकवेना.

'होमवर्क' १९९७ च्या जानेवारीत आला. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो, दोघंही तेव्हा पंचविशीच्या आतले. पॅरिसमध्ये तोमाच्या बेडरूममध्ये केलेलं काम, म्हणून नावही तसंच. आधी दोघांचा गिटारवाला बँड होता, डार्लिन नावाचा. एका इंग्रजी साप्ताहिकाने त्यांच्या गाण्यांना 'डाफ्ट पंकी' म्हणून झोडपलं आणि यांनी ती शिवीच नाव म्हणून लावून घेतली. हा माज मला फार आवडतो.

'अराउंड द वर्ल्ड' हे सात मिनिटांचं गाणं आणि त्यात शब्द तीन. तेच तीन शब्द १४४ वेळा. आमच्या चाळीत एकादशीला भजन असायचं, त्यामुळे एकच नाम तासभर घोळवणं मला नवीन नव्हतं. पण गजरात लय चढत जाते, टाळ घाईला येतात, शेवटी माणसं उभी राहतात. इथे लय जागची हलत नाही. बेस येतो, किक ड्रम जातो, आवाज येतो, सगळं थांबून नुसता बेस उरतो. हलतात ती वाद्यं, आणि ती कधी निघून गेली हे परत आल्यावरच कळतं. हे बेडरूममध्ये बसून सुचायला डोकं लागतं. बटण दाबलं की झालं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दाबून बघावं.

याच अल्बममध्ये 'टीचर्स' नावाचं गाणं आहे. गाणं कसलं, नावांची यादी. शिकागो-डेट्रॉइटचे हाउस-टेक्नोवाले, म्हणजे मशीनवरच्या नाचाच्या संगीतातले, मधेच जॉर्ज क्लिंटन, ब्रायन विल्सन, डॉक्टर ड्रे. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो ना, ते या पोरांनी तीन मिनिटांत ड्रमच्या ठेक्यावर केलंय. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नावं घेतली हे बरं केलं. आमची कुणी घेतली नाहीत."

त्या वाक्यामुळे 'डिस्कव्हरी'कडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. २००१ चा हा अल्बम सगळ्यांचा लाडका, माझाही जवळजवळ. तो उभा आहे जुन्या रेकॉर्डी कापून जोडलेल्या तुकड्यांवर. 'डिजिटल लव्ह'मध्ये जॉर्ज ड्यूक, 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर'मध्ये एडविन बर्डसाँग, त्यांची नावं अल्बमवर छापली आहेत. 'वन मोअर टाइम'चे ते ब्रासचे झटके मात्र एडी जॉन्स नावाच्या गायकाच्या १९७९ च्या डिस्को गाण्यातले, आणि त्याचं नाव तिथे नव्हतं. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने त्याला शोधून काढलं तेव्हा कळलं की हा माणूस त्याच शहरात राहतो, बेघर म्हणून दिवस काढून झालेत आणि या गाण्याचा एक पैसा त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. डाफ्ट पंककडून सांगण्यात आलं की आम्ही हक्कधारक कंपनीला पैसे देतो. देत असतीलही. पण जगभर लोक ज्यावर पंचवीस वर्षं नाचले, त्याचा मूळ गळा रस्त्यावर होता.

आणि आपण फार शहाणपणा करायचं कारण नाही. तोमाचे वडील दानिएल वांगार्द हे फ्रान्सचे मोठे डिस्कोवाले. ओटावान या जोडीची 'डिस्को' वगैरे गाणी त्यांचीच. त्याच ओटावानचं 'टे ओके' ऐका आणि लगेच आपलं 'जिमी जिमी आजा' ऐका. मी पुढे काही बोलत नाही. म्हणजे तोमाच्या बापाची चाल मुंबईने १९८२ मध्येच उचलली होती आणि आमच्या मंडळाच्या बेंजो पार्टीने ती विसर्जनाला वाजवून वाजवून झिजवली. तोमाने पुढे दुसऱ्यांचे तुकडे उचलले. कोण कुणाचं देणं लागतो ते मांडायला बसलो तर वही पुरायची नाही.

मशीनचं म्हणाल तर 'होमवर्क'भर जो रोलंड कंपनीचा ३०३ हा बेसचा सिंथेसायझर पिरपिरतो, तो मुंबईतही त्यांच्या कितीतरी आधी वाजला होता. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधलेच वादक. त्यांनी १९८२ मध्ये हाच ३०३ आणि ८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली. कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाली तेव्हा परदेशातले लोक वेडे झाले, कारण ऐकायला ती ३०३ वरच उभ्या असलेल्या शिकागोच्या अ‍ॅसिड हाउससारखी आणि साल मात्र त्याच्या पाच वर्षं आधीचं. काकांसारखेच स्टुडिओतले वादक, पण यांनी त्या खोक्याशी दोस्ती केली. काकांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

'ह्युमन आफ्टर ऑल' (२००५) वर फार वेळ घालवत नाही. सहा आठवड्यांत केलेला अल्बम आणि तो तसाच वाटतो. 'रोबॉट रॉक' म्हणजे ब्रेकवॉटर या बँडचा एक तुकडा घेऊन पावणेपाच मिनिटं दळण. यात खोल अर्थ आहे म्हणणारे मित्र मला आहेत, त्यांचं चालू द्या. पण यातलीच गाणी पॅरिसच्या बर्सीमध्ये १४ जून २००७ ला जुन्या गाण्यांत मिसळून वाजली आणि त्याचा 'अलाइव्ह २००७' हा लाइव्ह अल्बम झाला. 'टेलिव्हिजन रूल्स द नेशन'वर 'क्रेसेंडॉल्स' चढतं तिथे लोक जे ओरडतात, ते मी हार्बर लाइनवर सातशे वेळा तरी ऐकलं असेल. एकटं असताना न शिजलेलं गाणं दुसऱ्याच्या वाफेवर शिजलं. मधला 'ट्रॉन' सिनेमाचा साउंडट्रॅक ठीक आहे, मोठा ऑर्केस्ट्रा आहे, मला परत लावावासा वाटत नाही.

आता 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज', २०१३. इथे भांडण आहे.

या अल्बममध्ये त्यांनी उलटंच केलं. सॅम्पल, म्हणजे ते जुन्या रेकॉर्डींचे तुकडे, जवळजवळ बंद, मला माहीत आहे तो एकच, शेवटच्या गाण्यातला. बाकी सगळं माणसांकडून वाजवून घेतलं, टेपवर. गिटारला नाइल रॉजर्स, बेसला नेथन ईस्ट, ड्रमला मायकल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल'वर वाजवलेला जॉन रॉबिन्सन आणि ओमर हकीम. २०१४ ला पाच ग्रॅमी. आणि लगेच आमच्याकडचे जाणकार सुरू झाले : बघा, शेवटी मशीनवाल्यांनाही खऱ्या संगीताकडे यावं लागलं.

त्याच सुमारास काकांना मी 'जॉर्जियो बाय मोरोडर' ऐकवलं. नऊ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला जॉर्जियो मोरोडर स्वतःची गोष्ट सांगतो, क्लिकला, म्हणजे ठेका धरणाऱ्या टिकटिकीला, सिंथेसायझर कसा जुळवला ते सांगतो. काकांना इंग्रजी भाषण नको होतं, पण 'क्लिक' शब्द आला तसे हसले. क्लिकबरोबर वाजवायला लागलो तिथेच आमचं संपलं, म्हणाले. शेवटाकडे ड्रम सुटतात तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"हा कोण?"

"ओमर हकीम."

"भेंडीबाजारातला?"

"न्यूयॉर्कचा, काका."

"हात बघ त्याचा. ठेका सोडत नाही आणि त्यात राहतही नाही."

मोठी गंमत अशी की ज्या माणसाने डिस्कोत मशीन आणून बसवली त्याच्याच मानवंदनेला हाडामांसाचा ड्रमर असा सुटलाय. मला ती नऊ मिनिटं फार प्रिय आहेत. तरीही अल्बम म्हणून 'होमवर्क'च वरचा, हे माझं मत बदललेलं नाही. 'रँडम अ‍ॅक्सेस'चा मधला भाग फार गुळगुळीत आहे आणि 'टच' मला दहा वर्षांत कळलं नाही.

आणि ते 'खरं संगीत' प्रकरण तर मला मुळीच मान्य नाही. काकांचं काम मशीनने घेतलं नाही. दहा माणसांचे दहा चेक लिहायचे की एकाचा, हा हिशोब निर्मात्याने केला, मशीन बिचारी कोपऱ्यात बसली होती. पॅरिसच्या दोघांनीही १९९७ मध्ये बेडरूममध्ये केलं कारण तेवढंच परवडत होतं, आणि २०१३ मध्ये नेथन ईस्टला बोलावलं कारण बोलावणं परवडत होतं. काळाचौकीतला पोरगा आज लॅपटॉपवर ठेका बनवतो, त्याला जाऊन सांगा बरं की खरे ड्रमर आण. काका यावर मला म्हणतात, तू आमच्या बाजूने बोलतोस की त्या निर्मात्याच्या? मी त्यांच्या बाजूने बोलतोय, पण त्यांना पटत नाही.

दोघांनी २२ फेब्रुवारी २०२१ ला आठ मिनिटांचा व्हिडिओ टाकून फारकत घेतली. अठ्ठावीस वर्षांत स्टुडिओ अल्बम चार. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'रँडम अ‍ॅक्सेस'ची आणखी एक आवृत्ती आली, ड्रमलेस. तोच अल्बम, ड्रम तेवढे काढून टाकलेले. मी दिवाळीच्या फराळाचे डबे परत द्यायला काकांकडे गेलो तेव्हा त्यांना तेच जॉर्जियोचं गाणं परत लावून दिलं. शेवटाकडे ते वाट बघत बसले. ड्रम आलेच नाहीत.

"बिघडलंय का हे?"

मी समजावून सांगितलं. काका थोडा वेळ माळ्याकडे बघत होते की पंख्याकडे, नक्की सांगता येणार नाही.

"म्हणजे रिदमवाल्याला परत घरी पाठवला."

"परत नाही हो काका, जुना अल्बम आहेच. हा वेगळा काढलाय."

"ते कळलं रे. पहिल्या वेळचे पैसे पूर्ण दिले होते ना त्याला?"