सेंद्रिय असली तरी भाजी धुवायलाच हवी

‘सेंद्रिय फळं-भाज्या धुवायची गरज नाही, मातीतले जंतू पोटाला चांगलेच असतात. त्यांत रसायनाचा थेंबही नसतो, पोषण ६० टक्के जास्त असतं, त्या जास्त गोड लागतात, जास्त टिकतात, आणि पानं किडीनं खाल्लेली असतील तर माल अस्सल समजावा.’ हा निरोप कधीपासून फोनाफोनांतून फिरतोय. आता तो माझ्या गरोदर भाचीपर्यंत पोचलाय आणि ती गाजरं नुसती पुसून खायला लागली आहे. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

न धुण्याचा मुद्दा आधी. बाकीच्या थापांनी फार तर पैसे वाया जातील, ही थाप जिवावर बेतू शकते.

भाजी फक्त रसायनं घालवायला धुतात, हेच मुळात चूक. सेंद्रिय शेतीत पिकाला नत्र (नायट्रोजन) मिळतं ते शेणखत, कोंबडीखत, कंपोस्ट आणि हिरवळीच्या खतातून. शेणखत, कोंबडीखत कच्चं राहिलं तर ई. कोलाय, साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जीवाणू आणि जंतांची अंडीही वाफ्यात येऊ शकतात. खत काळं पडलं, वास गेला, म्हणजे कुजलं असं नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांप्रमाणे लांबट ढीग लावून कंपोस्ट करायचं तर ढिगाचं तापमान ५५ ते ७७ अंश सेल्सियसच्या दरम्यान १५ दिवस राहावं लागतं आणि तेवढ्या काळात किमान ५ वेळा पलटी मारावी लागते. पलटी अशासाठी, की ढिगाचा गाभा तापतो पण कडा गारच राहतात आणि जंतू तिथे तग धरतात. ढीग जास्त ओला झाला की आत हवा खेळत नाही आणि तापमान चढत नाही. कोरडा पडला की कुजणंच थांबतं. मूठभर खत दाबल्यावर तळवा ओला व्हावा, पण पाणी गळू नये, इतकी ओल बरोबर.

कच्चंच शेणखत घालायचं असेल तर त्याच नियमांत मुदत दिली आहे: खायचा भाग मातीला लागतो अशा पिकात ते काढणीच्या किमान १२० दिवस आधी मातीत मिसळलेलं हवं, बाकी पिकांत ९० दिवस आधी. पालक पेरल्यापासून साधारण ४० ते ४५ दिवसांत काढणीला येतो. म्हणजे पालकाच्या वाफ्यात कच्चं खत पेरणीच्या अडीच महिने आधी पडायला हवं. उभ्या पालकाला कोणी ताज्या शेणाचं पाणी घालत असेल तर ती भाजी सेंद्रिय म्हणून मिरवली तरी न धुता तोंडात घालण्यासारखी नाही.

२०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग लोअर सॅक्सनीतल्या एका सेंद्रिय शेतात तयार झालेल्या मोडांपर्यंत गेला. जंतू बहुधा मेथीच्या बियाण्याबरोबर आले होते. यात सेंद्रिय पद्धतीचा दोष होता असं मी म्हणत नाही. पण सेंद्रिय म्हणून त्या मोडांतले जंतू काही कमी झाले नाहीत.

गरोदर बाईला तर दोन धोके आणखी. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो, ओल्या मातीत वर्षभरही तगून राहतो आणि गर्भाच्या मेंदूला, डोळ्यांना इजा करतो. लिस्टेरिया हा मातीत सापडणारा जीवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि त्यानं गर्भपात होऊ शकतो. ‘पोटाला चांगले जंतू’ मातीतून वेगळे निवडून कोणी पानावर ठेवत नाही.

तर धुवायचं असं. आधी हात धुवा. पालेभाजीची जुडी सोडून पानं सुटी करा, बाहेरची खराब पानं टाका, उरलेली वाहत्या पाण्याखाली चोळा. गाजर, बटाटा, काकडी स्वच्छ ब्रशनं घासा. कलिंगड-खरबूज कापण्याआधी धुवा, नाहीतर सुरी सालीवरचे जंतू गरात नेते. साबण लावू नका. ठेवायच्या आधी धुऊ नका, ओल राहिली तर सडतं. खाण्याआधी धुवा आणि स्वच्छ कापडानं टिपा. धुतल्यानं जंतू कमी होतात, संपत नाहीत. मोडांत तर ते आतही असू शकतात, म्हणून मोड शिजवूनच खावेत.

‘रसायनाचा थेंबही नाही’ हेही खोटं. सेंद्रिय शेतीत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, गंधक, स्पिनोसॅड, पायरेथ्रिन, कडुनिंबाचा अर्क असं फवारायचं बरंच काही चालतं. मोरचुदातलं तांबं विघटित होत नाही, मातीत साठत जातं. म्हणून युरोपीय संघानं त्याला हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे. स्पिनोसॅड मातीतल्या जीवाणूपासून मिळतं, तरी फवारा ओला असेपर्यंत मधमाश्यांना मारक असतं.

मात्र एक मान्य करावं लागेल. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये ३४३ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात रासायनिक शेतीच्या मालात कीडनाशकांचे अंश सापडण्याचं प्रमाण चौपट निघालं, आणि सेंद्रिय पिकांत, विशेषतः धान्यांत, कॅडमियम हा विषारी धातू सरासरी ४८ टक्के कमी. या दोन गोष्टींसाठी कोणी सेंद्रिय घेत असेल तर जरूर घ्यावं.

‘६० टक्के पोषण’ हा आकडाही याच आढाव्यातून ओढूनताणून काढलेला दिसतो. तिथे फिनोलिक आम्लं १९ टक्के, अँथोसायनिन ५१ टक्के, फ्लॅव्हॅनोन ६९ टक्के जास्त आहेत. ही अँटिऑक्सिडंट गटातली द्रव्यं. प्रथिनं सेंद्रिय पिकांत उलट कमी भरली. अँटिऑक्सिडंट का वाढतात? नत्र हळूहळू, मोजकं मिळालं की झाडाची पालेदार वाढ आवरते आणि कर्ब (कार्बन) अशा द्रव्यांकडे वळतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पण सेंद्रिय म्हणून कोंबडीखताचा मारा केला तर हा फायदा जातो: पानं लुसलुशीत, पाणचट होतात आणि त्यांत नायट्रेटही साठतं.

गोडी ठरते ती वाणावर, ऊन-पाण्यावर आणि फळ झाडावर किती पिकू दिलं त्यावर. टिकणं ठरतं काढणीची वेळ, थंडावा आणि हाताळणीवर.

राहिली किडकी पानं. कीड फवारणीच्या आधीही पान खाऊन जाते. भोकं आहेत म्हणजे नंतर फवारलं नाही असं होत नाही. शिवाय कुरतडलेल्या कडेतून बुरशी आणि जंतू सहज आत शिरतात. अशी पानं अस्सलपणाची खूण म्हणून जपू नका, निवडतानाच काढून टाका.