डीएनएचं लोणचं

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत रात्री घरफोडी झाली आहे. खिडकीची काच फोडताना चोराचा हात कापला आणि फरशीवर रक्ताचे चार थेंब पडले. हा पुरावा मुंबईत कलिन्याच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत धडधाकट पोहोचू नये, अशी तुमची इच्छा असेल तर फार कष्ट नाहीत. प्रत्येकाने आपापला खारीचा वाटा उचलायचा, इतकंच.

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176 सांगतं. म्हणजे घरी पाहुणे येणार! तेव्हा सेक्रेटरींनी आधी घर आवरून घ्यावं. काचा झाडून एका कोपऱ्यात, पंखा पाचवर, आणि शेजाऱ्यांनी त्या थेंबांवर ओणवं होऊन ‘हा आतल्याच माणसाचा हात’ अशी चर्चा करावी. बोलताना उडणाऱ्या थुंकीतही पेशी असतात. हवालदारांना चहा तिथेच द्या.

आता तपास अधिकारी. हातमोज्यांची एकच जोडी घरभर पुरवा: आधी दाराची कडी, मग रक्त, मध्येच कपाळावरचा घाम. दर वस्तूला नवी जोडी ही उधळपट्टी झाली. डागाशेजारच्या स्वच्छ फरशीचा वेगळा स्वॅब घेऊ नका. स्वतःचे आणि पंचांचे नमुने तुलनेसाठी तर मुळीच देऊ नका. मग अहवालात एक ‘अज्ञात पुरुष’ उगवतो आणि त्याला शोधण्यात दोन महिने छान जातात. (पंच क्रमांक दोनला कोणी विचारत नाही.)

खरी कला पुढे आहे. आजी कैरीच्या फोडी सावलीत वाळवते आणि बरणी कोरडी करूनच त्या भरते. ओल राहिली की बुरशी, हे तिला कळतं. रक्ताने भिजलेल्या शर्टालाही तेच लागतं: सावलीत वाळवणं आणि कागदी पाकीट. तुम्ही आजीचं ऐकू नका. ओला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबा, गाठ मारा, वर लाखेचं सील ठोका आणि ऑगस्टभर मुद्देमालाच्या खोलीत मुरू द्या. जिवाणू उरलेलं काम फुकटात करतात. घाई असेल तर कडक उन्हात टाका. अतिनील किरणं डीएनए मोडतात. संशयिताचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीऐवजी हिरव्या टोपणाच्या हेपारिन नळीत घ्या, म्हणजे पीसीआर, म्हणजेच डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रियाच, अडखळते. आणि शवविच्छेदनातली उती? फॉर्मेलिन आहे की!

इतकी मेहनत का, तर प्रयोगशाळा फार चिवट असते. एक नॅनोग्रॅम डीएनए, म्हणजे जेमतेम दीडशे पेशी, तिला पुरतो. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत तो साधारण दुप्पट होतो, अशा तिशीच्या आसपास फेऱ्या होतात. सुदैवाने यंत्राला चोराची पेशी आणि सेक्रेटरींची पेशी यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही सारख्याच इमानाने वाढवतं. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये मिळून एकाच बाईचा डीएनए जवळपास 40 घटनास्थळी सापडला होता. पोलिस वर्षानुवर्षं तिच्या मागावर. 2009 मध्ये कळलं की ती स्वॅब तयार होतात तिथली कामगार होती. आपल्याकडे इतक्या लांब जायची गरज नाही.

नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये बजावलं आहे. उशीर झालाच तर कारण नोंदवायचं. ‘दहीहंडी बंदोबस्त’ लिहा. पाठोपाठ गणपती, मग नवरात्रात टेंभी नाक्याची देवी.

एवढं करूनही डीएनए जुळलाच, तर घाबरू नका. रक्त कोणाचं ते अहवाल सांगतो. ते केव्हा आणि कसं पडलं, ते नाही. शिवाय बचावाचे वकील आहेतच. ते एवढंच विचारतील, की 11 ते 26 तारखेपर्यंत पाकीट कोणाच्या ताब्यात होतं? तुम्ही रजिस्टर उघडाल. त्या पानावर सही नसेल, चहाच्या कपाचा गोल डाग तेवढा असेल.