लाकूड काढले म्हणजे मेकॅनिकल पेन्सिल होत नाही

‘मेकॅनिकल पेन्सिल म्हणजे लाकूड काढून टाकलेली साधी पेन्सिल, आतले शिसे तेच, रेघ कायम सारखी, शिवाय झाडेही वाचतात, म्हणून लाकडी पेन्सिल आता कालबाह्य झाली आहे,’ असा मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्यातले पहिलेच विधान चुकीचे आहे, आणि बाकीची बरीचशी त्याच्याच आधारावर उभी आहेत.

आतले शिसे तेच नसते. लाकडी पेन्सिलीची कांडी ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र मळून, भट्टीत भाजून आणि मग मेणात मुरवून तयार होते. या मिश्रणाचे पेटंट फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी १७९५ साली घेतले. अशा कांडीचा व्यास साधारण २ मिलिमीटर असतो. तेच मिश्रण मेकॅनिकल पेन्सिलीसाठी ०.५ मिलिमीटर जाडीत ओढले, तर व्यास चौपटीने घटतो. पण वाकताना न मोडण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ती जवळजवळ चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. इतकी नाजूक कांडी कागदावरचा हाताचा दाब सोसणार नाही. म्हणूनच मेकॅनिकल पेन्सिलीच्या बारीक कांडीत, म्हणजे लीडमध्ये, मातीऐवजी राळेसारखे पॉलिमर वापरतात. हवेशिवाय तापवल्यावर त्या पॉलिमरचाच कार्बन होतो आणि तो ग्राफाइटचे कण घट्ट धरून ठेवतो. ही लीड जपानमध्ये १९६०च्या दशकात रुळली. दोन्ही पेन्सिलींवर ‘एचबी’ छापलेले असले तरी रेघेचा काळेपणा सारखाच असेल असे गृहीत का धरू नये, याचे एक कारण या घडणीतच आहे.

लाकडालाही निव्वळ वेष्टण समजणे योग्य नाही. ते कांडीला चिकटवलेले असते आणि टोकाच्या अगदी जवळपर्यंत तिला सर्व बाजूंनी आधार देते. मेकॅनिकल पेन्सिलीत हा आधार पुढच्या बारीक नळीपुरताच असतो. लीड गरजेपेक्षा जास्त बाहेर काढली की ती मोडते, ती याच कारणाने.

रेघ कायम सारखी राहते, हे अर्धेच खरे आहे. बोथट होत जाणाऱ्या लाकडी टोकाच्या तुलनेत आकृत्या, तक्ते आणि बारीक आकडेमोड यांसाठी मेकॅनिकल पेन्सिल निश्चितच सोयीची आहे, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु तिरकी धरून लिहिताना लीड एकाच बाजूने झिजते, तिला चपटा उतार येतो आणि रेघ जाड होऊ लागते. हा दोष नसता, तर प्रत्येक टेकवणीसरशी लीड किंचित फिरवणारी ‘कुरू टोगा’ ही पेन्सिल २००८ साली बाजारात आणण्याचे कारणच उरले नसते. शिवाय ठरलेली जाडी हीच तिची मर्यादाही आहे. लाकडी पेन्सिल आडवी करून रुंद, मऊ छटा भरता येते, दाब आणि कोन बदलून एकाच टोकातून सुईसारखी रेघ आणि धुरकट सावली दोन्ही काढता येतात, ०.५ची लीड ते करू शकत नाही.

झाडांचा मुद्दाही इतका सरळ नाही. टोक करताना लाकूड आणि शिसे वाया जाते, हे खरे. पण मेकॅनिकल पेन्सिल बहुधा प्लास्टिक व धातूची असते, आणि लीडचा शेवटचा तुकडा आतल्या जबड्याच्या पकडीत न आल्याने टाकावा लागतो. एकच पेन्सिल अनेक वर्षे वापरणाऱ्याचा आणि दर काही महिन्यांनी नवी घेणाऱ्याचा हिशेब एक असू शकत नाही.

राहिला ‘कालबाह्य’ हा शब्द. इंग्लंडमध्ये हॉकिन्स आणि मॉर्डन यांनी मेकॅनिकल पेन्सिलीचे पेटंट १८२२ साली घेतले. तेव्हापासून दोनशे वर्षे या दोन्ही पेन्सिली आपापल्या कामासाठी सोबत वापरल्या जात आहेत.